भाव वाढले की सरकार पडतं का?

प्रश्न : ताई, इथे इंदूरला कांदा महागला की चोइथराम मंडीत सगळे चिडतात पण घरी जाऊन गप्प बसतात, मग बाहेरच्या देशांत नुसत्या पावाच्या भावावरून सरकारं कशी काय पडतात?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, नुसत्या भावानं नाही पडत हो. सुदानचंच बघा ना, डिसेंबर 2018 मधे पाव तिथल्या 1 पाउंडावरून 3 वर गेला, अतबरा शहरात लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल 2019 ला राष्ट्राध्यक्ष बशीर सत्तेवरून गेले, पण त्यांची जवळपास 30 वर्षांची सत्ता, दडपशाही, बँकेत कॅश नाही, हा राग आधीपासून साठलेला होता. इजिप्तमधे 1977 ला खाण्याच्या वस्तूंवरची सबसिडी कापली तेव्हा दंगली झाल्या, माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष सादात यांनी निर्णय लगेच मागे घेतला आणि सरकार टिकलं.

आपल्याकडे रेशन आहे, निवडणुका आहेत, राग तिथे निघतो. 1998 ला दिल्लीच्या निवडणुकीत कांदा सरकारला किती नडला आठवतंय ना?

पण मला खरंच लागतं ते हे की आपण फक्त घेणाऱ्याचा राग बघतो. जून 2017 ला आपल्याच माळव्यात, मंदसौरला, भाव पडले म्हणून शेतकरी रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यातल्या काहींचे जीव गेले, म्हणजे स्वस्ताईनंही पेटतं. पुढच्या वेळी मंडीत गेलात की विकणाऱ्याला विचारा, त्याच्या हातात किलोमागे किती पडले ते.