लोकरीच्या दुकानात राजकारण आलं, आता जाऊ की नको?

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत राहते, ग्रीन कार्ड आहे त्यामुळे मला इथे मत नाही. सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही आठदहा जणी जवळच्या लोकरीच्या दुकानात विणायला बसतो. मागच्या निवडणुकीत मालकिणीने काचेवर पक्षाचं पोस्टर लावलं आणि तिघी यायच्या बंद झाल्या, त्यात जिने मला मोज्याची टाच विणायला शिकवलं ती सत्तरीची बाईपण. पोस्टर माझ्याच मताचं आहे, पण तिची खुर्ची रिकामी दिसली की हात चालत नाही. दुकान सोडू का?

उत्तर: अगं, दुकान सोडू नकोस आणि तिलाही सोडू नकोस.

आधी दुकानाचं बोलू. काच मालकिणीची आहे, ती पोस्टर लावू शकते, ज्यांना खटकलं त्या लोकर दुसरीकडून घेऊ शकतात, यात कोणीच गुन्हा केलेला नाही. तुमच्या तिकडे हे जुनंच आहे. २१ जानेवारी २०१७ ला ट्रम्प यांच्या विरोधात निघालेल्या महिला मोर्चात त्या विणलेल्या गुलाबी टोप्या होत्या ना, त्यांचा पॅटर्न लॉस एंजेलिसच्या एका लोकरीच्या दुकानाच्या मालकिणीने बनवला, आणि त्याच वेळी टेनेसीतल्या एका दुकानदारणीने सांगितलं की या मोर्चासाठी लोकर हवी असेल तर कृपया दुसरीकडून घ्या. मग जून २०१९ मध्ये रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटने ट्रम्प यांच्या समर्थनाच्या पोस्ट आणि पॅटर्नवर बंदी घातली. समर्थक असाल तरी या, फक्त त्याबद्दल इथे बोलू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो निर्णय कळतो, पण गप्प बसायची अट घालून कोणी टेबलाशी मोकळेपणाने बसत नाही गं.

आणि आपल्याकडे तरी सूत कधी राजकारणाबाहेर होतं? १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासद व्हायचं तर महिन्याला २००० यार्ड सूत द्यायचं असं ठरलं, स्वतः कातलेलं नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. पक्षातल्याच अनेकांना ते पटलं नाही आणि पुढच्याच वर्षी सक्ती गेली, पैशात वर्गणी द्यायची सोय परत आली. ज्यांना कातायचं होतं ते कातत राहिले.

म्हणून मालकिणीला पोस्टर काढ असं सांगू नकोस. गुरुवारी अर्धा तास आधी जा आणि विचार की त्या तिघींना कोणी टेबलावर काही बोललं होतं का. काचेवरचं पोस्टर चालेल, पण समोर बसलेल्या बाईला तिच्या मतावरून टोमणा मारला असेल तर ते चालणार नाही, हे तिला स्पष्ट सांग, आणि तुझं मत तिच्याच बाजूचं आहे म्हणून तू सांगितलेलं ती जास्त ऐकेल.

आता माझं सांगते. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आमच्या पुण्यातल्या क्रोशे ग्रुपवर एका फॉरवर्डवरून भांडण झालं, दोघी बाहेर पडल्या, आणि मी अ‍ॅडमिन असून 'इथे फक्त क्रोशे' एवढं टाइप करून गप्प बसले. फोन केला नाही. त्यातली एक आता लक्ष्मी रोडवर दिसली की पलीकडच्या फुटपाथने जाते, ते मला अजून लागतं.

तू तसं करू नकोस. एक मोजा टाचेपर्यंत विणून थांब, आणि तिला फोन करून सांग की टाचेचे टाके मोजताना परत चुकतंय, घरी येऊ का.