गाण्याला चाल लावताना मुखडा (सुरुवातीची ओळ) सुचतो, पण चाल पुढे सरकत नाही. काय करावं?

नवं काही शोधत बसू नका, सुचलंय तेच उलगडा. समजा, भूप रागात (यात सा रे ग प ध एवढेच सूर) 'ग रे सा ध़, सा रे ग' एवढंच हाती आहे. तेच वळण एक सूर वर न्या: 'प ग रे सा, रे ग प'. दुसरी ओळ तयार! मग सूर तेच ठेवून केरवा तालाऐवजी दादरा तालात म्हणून बघा. आठाच्या सहा मात्रा झाल्या की ठहराव (थांबायच्या जागा) आपोआप हलतात.

अंतरा (मुखड्यानंतरचं कडवं) बहुतेकदा 'प ग प ध सां' असा वर चढतो. खरी कसोटी मुखड्याकडे परतण्याची: शेवटची जागा अशी हवी की मुखड्याचा पहिला सूर गंधार (ग) ओढून आणावा लागू नये.

आणि पेटी (हार्मोनियम) नंतर उघडा, आधी गुणगुणा. बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर पळतात.