गोड लागणं वेगळं, खायला उठणं वेगळं

चव आणि भूक यांमागच्या मेंदूतल्या रसायनांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तो गैरसमज बहुतेक पत्रांत होता.

प्रश्न : डोपामिन हे आनंदाचं रसायन आहे असं सगळीकडे वाचतो. मग ते काढून घेतलं तर उंदराला गोड लागायचं बंद होईल का?

नाही होत, आणि हे प्रत्यक्ष तपासलं गेलं आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड पामिटर यांच्या गटाने १९९५ मध्ये असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या चेतापेशींना डोपामिन बनवताच येत नाही. पिल्लं धडधाकट जन्मतात, दोनेक आठवडे आईच्या दुधावर वाढतातही. मग हालचाल मंदावते, खाणं सुटतं आणि समोर अन्न असूनही ती उपासमारीने मरतात. त्यांना एल-डोपा टोचलं (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते, पार्किन्सनच्या रुग्णांना देतात तेच औषध), की तेच मरगळलेलं पिल्लू उठून खायला लागतं. अंमल उतरला की पुन्हा थांबतं.

पुढे या उंदरांना, अंगात डोपामिन नसताना, एका नळीत साधं पाणी आणि दुसरीत साखरपाणी दिलं. ते नळीकडे वळले फार कमी वेळा. पण वळले तेव्हा पसंती साखरेलाच दिली, आणि एकदा चाटायला लागले की बराच वेळ चाटत राहिले. गोड काय ते त्यांना कळत होतं, आवडतही होतं. घडत नव्हतं ते सुरुवात करणं.

मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज हेच वेगळ्या रीतीने दाखवत आले आहेत. रॅटच्या तोंडात थेट साखरेचा थेंब सोडला, तर तो जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. कडू थेंबाला तोंड वासतो, डोकं झटकतो. मेंदूतलं जवळजवळ सगळं डोपामिन नष्ट केल्यावरही साखरेला ओठ चाटणं तसंच राहतं. त्या गोडव्याच्या सुखाशी मेंदूतल्या अफूसदृश रसायनांचं नातं जास्त जवळचं आहे. म्हणून 'आनंदाचं रसायन' हे बिरुद डोपामिनला लावणं आपण सोडून द्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. या उंदरांच्या मेंदूत विषाणूच्या साहाय्याने एकेका भागापुरतं डोपामिन परत आणलं गेलं. ज्याला 'बक्षीस केंद्र' म्हणतात त्या न्यूक्लियस अॅकम्बन्समध्ये आणलं, तेव्हा उंदीर हिंडू-फिरू लागले, पण पोटापुरतं खाईनात. स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागाच्या वरच्या, हालचालींशी निगडित पट्ट्यात आणलं, तेव्हा मात्र स्वतःहून खाऊन जगू लागले.

प्रश्न : 'भुकेला कोंडा' म्हणतात. उपाशी असताना चव खरंच बदलते, की तो मनाचा खेळ?

खरंच बदलते, निदान उंदरात तरी. तपासायची पद्धत अशी : नळी काही सेकंदच उघडायची आणि उंदीर किती वेळा चाटतो ते मोजायचं. उंदीर सेकंदाला साधारण ६ ते ८ वेळा चाटतो, त्यामुळे एवढ्या वेळातही आकडे पुरेसे मिळतात, आणि पोटाकडून काही निरोप जायच्या आत जिभेचा कौल कळतो. उपाशी उंदीर फिक्या गोड पाण्यालाही भराभर चाटतो, आणि एरवी टाळला असता असा कडूपणाही सोसतो.

यामागे हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातल्या 'एजीआरपी' नावाच्या भूक-पेशी आहेत. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की या पेशींपासून निघणारी एक वाट गोडाची ओढ वाढवते आणि दुसरी कडूचा तिटकारा कमी करते. शिवाय जिभेवरही फेरफार होतो : चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक गोडाचा संकेत दबवतं, तर गांजासदृश अंतर्गत रसायनं तो वाढवतात.

गंमत म्हणजे या भूक-पेशी अन्न नुसतं दिसलं तरी, पहिला घास घेण्याआधीच, शांत होऊ लागतात.

प्रश्न : मग भुकेचं एकच रसायन अडवणारं औषध का काढत नाहीत?

कारण मेंदूने भूक एकाच रसायनावर सोडलेली नाही. मेंदूत टोचलं की उंदीर बकाबका खातात असं न्यूरोपेप्टाइड वाय जन्मापासूनच नसलेले उंदीर जवळपास नेहमीसारखंच खातात. एजीआरपी पेशी नवजात पिल्लांत मारल्या तर फारसं बिघडत नाही. प्रौढ उंदरात मारल्या तर तो काही दिवसांतच खाणं सोडतो. त्या पेशी 'गाबा' हे इतर पेशींना शांत करणारं रसायन सोडून मेंदूच्या बुंध्यातल्या भूक मारणाऱ्या पेशींना आवरून धरतात. तो आवर गेला, की भूक मारणाऱ्या पेशी मोकाट सुटतात.

प्रश्न : मेंदू कृत्रिम गोडीने फसतो का? उंदरांवरून काय दिसतं?

जीभ फसते, आतडं नाही. 'टीआरपीएम-५' हे जनुक नसलेल्या उंदरांना गोड चव कळत नाही. तरीही २००८ च्या एका अभ्यासात ते काही दिवसांत साखरेच्या नळीची बाजू ओळखून तीच निवडू लागले, आणि साखर घेताना त्यांच्या मेंदूत डोपामिनही वाढलं. सुक्रालोज या कृत्रिम गोडीने ही पसंती जडली नाही. पुढे २०२० मध्ये कळलं, की आतड्यातल्या साखरेची खबर व्हेगस या चेतातंतूमार्फत मेंदूच्या बुंध्याकडे जाते.

मात्र हे निष्कर्ष माणसाला लावण्याआधी प्रयोगात कोणता पदार्थ होता ते पाहा. आपल्याला गोड लागणारं अॅस्पार्टेम उंदराला गोड लागतच नाही. उंदराच्या जिभेवरचा गोडाचा ग्राहक (चव टिपणारं प्रथिन) अॅस्पार्टेमला दादच देत नाही. त्या ग्राहकाचं माणसाचं जनुक बसवलेले उंदीर मात्र अॅस्पार्टेम आवडीने पितात.