सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नवशिक्याने सर्फिंग शिकायला कुठे जावं?

सरळ पॅसिफिका गावचा लिंडा मार बीच गाठा. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने अर्ध्या तासाचं अंतर. तळाशी वाळू, आणि दक्षिण टोकाला पेड्रो पॉइंट या समुद्रात घुसलेल्या टेकाडाच्या आडोशामुळे लाटा जरा मवाळ. गोव्याच्या पाण्याची सवय असेल तर मात्र हुडहुडी भरेल: इथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण १२ ते १५ अंश. ४/३ मिमीचा वेटसूट (थंडी अडवणारा रबरी सूट, धडाला ४ आणि हातापायांना ३ मिमी जाड) भाड्याने घ्याच, बूटही. बोर्ड फोमचा, आठ-नऊ फुटी. छोट्या बोर्डचा रुबाब नंतर. कमरेइतक्या पाण्यात, फुटून फेसाळत आलेल्या लाटेवरच सुरुवात करा. जुलैत धुकं फार, सप्टेंबर बरा. शनिवार-रविवारी उशिरा गेलात तर पार्किंगच्या नावाने शंख! ओशन बीच सॅन फ्रान्सिस्को शहरातच असला तरी तिथे उतरू नका, प्रवाह आत खेचतो.