केस येतील गं, पण त्याने फोन का नाही केला?

पत्र: मावशी, मी भुसावळची. आमचा टफी चार वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर. ऊन वाढलं म्हणून जळगावला एका ग्रूमरकडे नेला. आंघोळ, नखं, आणि पायाचे शेपटीचे केस थोडे नीट करा, एवढंच सांगितलं होतं. घ्यायला गेले तर अख्ख्या अंगाचे केस मशीनने उडवलेले, "उन्हाळा आहे ना ताई, गार वाटेल त्याला" म्हणे. घरी आल्यावर दिसलं, कानाच्या कडेला कट आहे, पोट आणि काखा लालभडक, सारखा चाटतोय, दिवाणाखालून बाहेर येत नाही. सासूबाई म्हणतात केसच आहेत, येतील. नवरा म्हणतो मित्राच्या भावाचं दुकान आहे, विषय वाढवू नको. मी रागात रिव्ह्यू टाइप करून ठेवलाय, टाकू का? की मी उगाच मोठं करतेय?

अगं पोरी, उगाच काही नाही करत तू. बोलता न येणारं लेकरू तू विश्वासाने कुणाच्या तरी हातात दिलं आणि ते जखमी होऊन परत आलं, यात राग नाही येणार तर कशात येणार.

पण रिव्ह्यू राहू दे बाजूला, आधी व्हेट. मशीनचं ब्लेड सलग चालवलं की तापतं, मधेमधे थांबून गार करावं लागतं, नाहीतर पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू अशा नाजूक जागी चामडी भाजल्यासारखी होते, आणि हे कधीकधी घरी आल्यावर काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी दिसतं. त्यात कुत्रं चाटत बसलं की ओली जखम होते आणि ती फार लवकर पसरते. म्हणून चाटणं थांबवणं महत्त्वाचं, व्हेटकडे गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन मिळतो तो घे. आणि घरातली कुठलीच ट्यूब लावू नको गं, आपल्या बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, ते चाटून पोटात गेलं तर कुत्र्याला विषारी. दुखत असेल म्हणून आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर अजिबात नको.

आता केसांचं. गोल्डनला दोन थर असतात, आत मऊ दाट लोकर आणि वर लांब राठ केस, आणि हे दोन्ही मिळून थंडीसारखंच ऊनही अडवतात. आपल्याकडे शेतात निंदायला जाणारी बाई भर उन्हात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला रुमाल बांधते, ते कशासाठी, तसंच हे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः जीभ काढून धापा टाकून गार होतो, त्यामुळे केस उडवून त्याला गार वाटतं हा समजच चुकीचा आहे, उलट उघड्या चामडीवर ऊन थेट लागतं. सासूबाईंचं केस येतील हे बरोबर आहे, पण अशा कुत्र्यांना पूर्ण यायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं आणि काहींना ठिगळं ठिगळं येतात किंवा पोत बदलतो. आणि जखम ही केसांची गोष्ट नाहीच. ज्या घरात पोळ्याला बैलाला आंघोळ घालून, शिंगं रंगवून, खापरावरची पुरणपोळी आधी त्याला खाऊ घालतात त्या घरात मुक्या जनावराचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही, सासूबाईंना टफीचं पोट जवळून दाखव, बास.

एक मात्र स्वतःला विचार. कानामागे, काखेत जटा झाल्या होत्या का? खूप घट्ट जटा असतील तर ओढून सोडवण्यापेक्षा तेवढा भाग कापणंच बरं असतं, कुत्र्याला त्रास कमी होतो, आणि चांगला ग्रूमरही तेच करेल. पण तो आधी फोन करेल. "ताई, इथे असं असं आहे, कापू का?" एवढा एक फोन. तुझा नंबर होता त्याच्याकडे. केस कापले यापेक्षा न विचारता कापले आणि कान कापला गेला ते सांगितलंच नाही, हे मला जास्त खटकतं.

म्हणून नवऱ्याला सोबत घेऊन जा. ओळख आहे म्हणून गप्प बसायचं नाही, ओळख आहे म्हणूनच तोंडावर नीट बोलता येतं. आधी कानाचा, पोटाचा फोटो काढून ठेव, व्हेटची चिठ्ठी आणि बिल सोबत ने, आवाज चढवू नको आणि सरळ विचार की आम्ही हे सांगितलं होतं, तुम्ही हे केलं, कान कशाने कापला, आणि व्हेटचा खर्च कोण देणार. त्याने चूक मानली, खर्च दिला, तर माझ्या मते विषय तिथे सोड. टाळाटाळ केली तर रिव्ह्यू टाक, पण रागात लिहिलेला तो नको, त्यात शिव्या असतील तर लोक शिव्याच वाचतात. काय सांगितलं, काय झालं, व्हेट काय म्हणाले, फोटो, एवढंच लिही. पैसे दिलेत म्हणजे तू ग्राहक आहेस, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पण तिथवर जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

टफीला दिवाणाखालून ओढून काढू नको, जवळ जमिनीवर बस, आवडीचं काहीतरी हातात ठेव, येईल तो. केस वाढेपर्यंत उन्हात नेऊ नको, आपल्याकडचं मेचं ऊन तुला सांगायला नको, फिरवणं सूर्य उगवायच्या आत नाहीतर रात्री उशिरा, आणि रस्त्याला हाताचा तळवा लावून बघ, तुला धरवत नसेल तर त्याच्या पायांनाही नाही धरवणार. दुपारी कूलरसमोर गार फरशी आणि पाणी. पुढे घरीच ब्रश करत जा, सुटलेली लोकर निघाली की हवा खेळते, गोल्डनला उन्हाळ्यात खरं तर तेवढंच लागतं. ग्रूमर बदलशील तेव्हा आधीच विचार की मी समोर उभी राहिले तर चालेल का, आणि नाही म्हणाला तर कुत्रं घेऊन परत ये.

व्हेटकडे मात्र आजच, ऊन उतरलं की लगेच निघ.

– मावशी