सह्याद्रीत पळायचे शूज: आधी वाट बघा, मग दाते मोजा

रोज पुण्यातली वेताळ टेकडी, अधूनमधून आतकरवाडीहून सिंहगड, आणि डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही शर्यत करायची इच्छा. त्यासाठी वॉटरप्रूफ ट्रेल शूज (डोंगरवाटांवर पळायचे शूज) घ्यावेत का आणि तळाचे दाते जितके खोल तितकी पकड चांगली का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्हींचे उत्तर 'नाही' आहे. कारण आपल्या वाटांमध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परदेशी रिव्ह्यू वाचून शूज घेणारे बहुतेक जण चिखल डोळ्यांसमोर ठेवतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल, एकमेकांपासून लांब बसवलेले दाते मऊ मातीत छान रुततात, यात वाद नाही. पण पावसाळ्यात आपण चिखलात पडतो त्याहून जास्त पडतो ते ओल्या कातळावर. बेसाल्टमध्ये दाते रुतत नाहीत. तिथे रबराचा किती भाग दगडाला टेकतो आणि ते रबर किती मऊ आहे, यावर सगळे अवलंबून असते. विरळ दात्यांच्या शूजचा दगडाला टेकणारा भाग कमी, त्यात रबर कडक असेल तर गडाच्या पायऱ्यांवर पाय सटकणारच. म्हणून दाते साडेतीन ते पाच मिलिमीटरच्या आसपास, थोडे जवळजवळ आणि रबर ओल्यात धरणारे, असे मी सुचवेन. व्हायब्रम कंपनीचे मेगाग्रिप रबर याबाबतीत नावाजलेले आहे, होकाच्या स्पीडगोट या ट्रेल शूला तेच असते. मऊ रबर आपल्या दगडावर लवकर झिजते, ही त्याची किंमत. ती मोजावी, कारण पडून मनगट मोडण्यापेक्षा ती स्वस्तच आहे.

शेवाळावर मात्र कुठलेही रबर चालत नाही. टाक्याकाठचा काळा-हिरवा, गुळगुळीत दगड दिसला की पळणे थांबवा, कडेच्या गवतावर किंवा खडबडीत भागावर पाय टाका आणि चालत पार व्हा.

डिसेंबरात सगळे बदलते. गवत वाळते, वाट टणक होते आणि तिच्यावर मुरूम सुटा होतो. राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या सोंडेवर असा घसारा भरपूर लागतो. टणक जमिनीवरचे सुटे खडे म्हणजे पायाखाली छर्रेच. इथे शूजपेक्षा पावले वाचवतात: छोटी, भरभर, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचेवर न रेलता पायाच्या बरोबर वर. शूजकडून इथे दोनच अपेक्षा ठेवा. टोकाला जाड संरक्षण, आणि टोकदार दगड तळव्याला टोचू नयेत म्हणून आत रॉक प्लेट (सोलमधला पातळ, कडक थर) किंवा पुरेसा फोम. फोम फार उंच असेल तर दमलेल्या पायाने घोटा मुरगळायची शक्यता वाढते. ज्यांचे घोटे कमकुवत आहेत त्यांनी जमिनीलगतचा शू घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

वॉटरप्रूफ शूज बर्फाच्या, थंड प्रदेशासाठी ठीक. जुलैत ओढा ओलांडताना पाणी वरून आत येते आणि शूजमधल्या वॉटरप्रूफ पडद्यामुळे आतच राहते. मग तासन्‌तास भिजलेल्या पायाला फोड येणारच. साधा जाळीचा शू घ्या, पाणी शिरेल आणि पावलागणिक बाहेरही पडेल. सुती मोजे मात्र नकोत, सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे घ्या. घरी आल्यावर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर सोलचा गोंद सुटतो.

माप घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पळताना घालता तेच मोजे न्या. सर्वात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. लांबच्या उतारावर नखे काळी पडतात ती बहुधा बोटे पुढे आपटून, आणि त्याला आखूड माप किंवा सैल लेस कारण असते. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावरून खाली चालून बघा. टाच उचलली जात असेल तर सर्वात वरच्या जादा भोकातून लेस ओवून टाच बांधता येते. पुढचा पंजा रुंद असेल तर आल्ट्रा कंपनीचे शूज सोयीचे पडतात, पण त्यांतल्या बहुतेकांचा ड्रॉप, म्हणजे टाच आणि पंजाच्या उंचीतला फरक, शून्य असतो, त्यामुळे पोटऱ्या आणि घोट्यामागच्या शिरेवर ताण येतो. सवय नसेल तर आधी चालायला वापरा.

नुसत्या वेताळ टेकडीसाठी कोरड्या दिवसांत तुमचे रस्त्यावरचे शूज पुरतील, तिथे ट्रेल शूजचे दाते उगाच झिजवू नका. नवे शूज सिंहगडाच्या चढ-उतारावर वापरून बघा आणि शर्यतीपूर्वी एकदा तरी राजगड-तोरणा सोंडेवर न्या. बजेट कमी असेल तर डिकॅथलॉनच्या ट्रेल शूजपासून सुरुवात करायला हरकत नाही. तुमच्या पंजाची रुंदी आणि सध्याच्या शूजचा ड्रॉप कळवलात तर नेमके मॉडेल सुचवता येईल.