वाचकांचे प्रश्न : दूषित जमिनीतील गवती चहाचे तेल

प्रश्न : औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या नाल्याचे पाणी आम्ही अनेक वर्षे शेताला दिले. आता माती परीक्षणात शिसे व कॅडमियम आढळले असून भाजीपाला घेऊ नये, असा सल्ला मिळाला आहे. त्याऐवजी गवती चहा लावून तेल काढले, तर हे धातू तेलात उतरतील का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : वाफेच्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे पाल्यातून वाफ सोडून ती थंड करून, काढलेल्या तेलात ते जवळजवळ उतरत नाहीत. सिट्रलसारखी सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर निघून येतात. मुळांवाटे पानांत पोहोचलेले शिसे आणि कॅडमियम मात्र अशा तापमानाला उडत नाहीत. बल्गेरियात प्लॉवदिव्हजवळच्या धातू गाळणाऱ्या कारखान्याच्या परिसरात पुदिन्याच्या जातींवर झालेल्या, 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारखान्यालगतचे उत्पादन घटलेले दिसले, पण तेल धातूंनी दूषित झालेले आढळले नाही. पाऱ्याची गोष्ट वेगळी. तो सहज वाफ होणारा धातू असल्याने मातीत त्याचीही तपासणी करून घ्यावी.

धातूंच्या ताणामुळे तेलाचे प्रमाण आणि त्यातील घटक बदलू शकतात. मात्र हा बदल कोणत्या दिशेने होईल, हे पीक, धातू आणि त्याची मात्रा यांवर अवलंबून असते. (ताण दिला की तेल वाढते, असे कोणी सरसकट सांगितले, तर त्यावर विसंबू नये.) गवती चहाच्या तेलाचा दर्जा मुख्यतः सिट्रलच्या टक्केवारीवर ठरत असल्यामुळे पहिल्या कापणीच्या तेलाची प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणारी चाचणी) करून घेणे इष्ट.

आमच्या मते तेलापेक्षा चोथ्याची काळजी अधिक करायला हवी. शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारण अर्धा किलो, कधी त्याहूनही कमी तेल निघते आणि पाल्यातले धातू जवळपास सगळेच मागे राहतात. एरवी असा चोथा गुरांपुढे टाकतात, कुजवून खत करतात किंवा भट्टीतच जाळतात. तुमच्याकडे यांपैकी काहीही करू नये, कारण चाऱ्यातून धातू गुरांच्या शरीरात जातील, खतातून जमिनीत परत येतील आणि जाळल्यास राखेत, काही अंशी धुरातही उतरतील. पाला पाण्यात बुडवून उकळण्याची पद्धत असेल, तर भांड्यात उरलेले पाणी शेतात सोडू नये. चोथ्याची विल्हेवाट कशी लावावी, हे लागवडीपूर्वीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारून घ्यावे. या शेतातला पाला चहासाठी बाजारात नेऊ नये आणि घरच्या चहातही घालू नये.